रिंगखालची विद्या

नागपुरात मी कॉलेजकडून सेंटर खेळायचे, तेव्हाचं माझं सगळं प्रशिक्षण एका वाक्यात मावायचं : उंची आहे ना, मग रिंगखाली उभी राहा आणि हात वर ठेव. गार्ड खेळणाऱ्या मुलींकडून तासन्‌तास ड्रिबल आणि पासिंग करून घ्यायचे. उंच मुलीलाही काही शिकवायचं असतं, हे कोणाच्या गावीच नव्हतं. पाय कुठे रोवायचा, पाठीवर रेटा देणाऱ्या मुलीला कमरेने कसं थोपवायचं, बॉल येण्याआधीच जागा कशी पटकावायची, हे मला उमगलं ते तिशी उलटल्यावर, परक्या देशात, प्रेक्षकांत बसून. आणि ते जिच्यामुळे उमगलं, त्या जॅन जेन्सनशी मी आजवर एक शब्द बोललेले नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड काही वर्षं अमेरिकेतल्या आयोवा सिटीत होतं. मराठी वाचकांपैकी काहींना हे गाव दिलीप चित्रे यांच्यामुळे माहीत असेल. सत्तरच्या दशकात ते तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमासाठी राहिले होते. मला मात्र त्या गावाने बांधून ठेवलं ते विद्यापीठाच्या कार्व्हर-हॉकआय अरीनाने. उतारावर खोदून बांधलेली ही वास्तू बाहेरून बुटकी दिसते. दारातून आत शिरलं की आपण सगळ्यात वरच्या रांगेपाशी असतो आणि तिथून पायऱ्या उतरत उतरत कोर्टाकडे जायचं. जवळपास पंधरा हजार माणसं मावतात. तेव्हा मुलींच्या सामन्याला जागा सहज मिळे. शेजारी बहुतेक वेळा वयस्क शेतकरी जोडपी असत, आणि त्यांतल्या आज्या मला दर सामन्याला नव्याने समजावून सांगत की, त्यांच्या शाळेच्या दिवसांत बास्केटबॉल वेगळाच होता. त्या वेगळेपणाकडे मी पुढे येतेच.

मी सामन्याच्या बरीच आधी जाऊन बसे. सराव सुरू झाला की माझी नजर उंच मुली ज्या रिंगखाली असत तिथेच खिळायची. 2019 साली मेगन गस्टफसन ऐन भरात होती. विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट विंग या खेड्यातली, सहा फूट तीन इंचांची मुलगी. त्या हंगामात तिची सरासरी 27.8 गुणांची होती आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा नायस्मिथ पुरस्कार तिने पटकावला. तिच्याहून उंच आणि तिच्याहून चपळ मुली समोरच्या संघांत असायच्या. तरी बॉल तिच्या हातात गेला की बास्केट ठरलेली. का, ते समजायला मला अनेक सामने लागले. ती बॉल डोक्याच्या वर दोन्ही हातांनी घेई आणि तो खाली आणतच नसे. छातीपर्यंतसुद्धा नाही. आपल्याकडची सेंटर बॉल मिळताच सवयीने एक ड्रिबल मारते आणि तेवढ्यात बुटकी गार्ड येऊन तो हिसकावून नेते. गस्टफसन बॉल घ्यायच्या आधीच अंगाने मुलीला मागे बंद करून टाकायची, एका पायावर वळायची, आणि बॉल बोर्डाला लागून आत. पाहणाऱ्याला वाटावं, यात काय मोठंसं! तिच्या मागोमाग मोनिका सिनानो आली. तिचीही तीच रीत. सलग दोन हंगाम नेमबाजीच्या टक्केवारीत ती देशात पहिली होती. शंभर प्रयत्नांत सहासष्ट-सदुसष्ट बास्केट. दोघी एकसारख्या खेळतात म्हणजे शिकवणारा हात एकच असला पाहिजे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आयोवात उंच मुलींचं काम सहायक प्रशिक्षक जेन्सनकडे होतं.

आता त्या आज्यांच्या बास्केटबॉलविषयी. आयोवात शाळकरी मुली सहा-सहांचा खेळ खेळत. तीन फॉरवर्ड आणि तीन गार्ड, मधली रेघ ओलांडायची नाही, फॉरवर्डनीच बास्केट करायची, आणि हातात बॉल आला की दोनच ड्रिबल. पोरींना पूर्ण कोर्ट धावणं झेपायचं नाही, या समजुतीतून हे नियम आले होते. पण गावंच्या गावं या खेळावर जीव टाकत. आयोवाने हा प्रकार अखेर 1993 साली बंद केला. जेन्सन जेमतेम तीनशे वस्तीच्या किम्बल्टनची. तिची आजी 1921 साली राज्य जिंकणाऱ्या ऑडुबॉनच्या शाळेकडून खेळलेली, आणि जेन्सनने स्वतः 1987 साली शाळेच्या शेवटच्या वर्षात सामन्यामागे 66 गुणांची सरासरी राखली होती.

माझं मत असं की, गस्टफसन आणि सिनानोच्या पायांत जे दिसत होतं त्याचं मूळ इथे आहे. दोनच ड्रिबलची मुभा असेल तर ती उधळून चालत नाही. बॉल येण्याआधीच अर्धं काम उरकावं लागतं. बायांना कमी लेखून घातलेल्या बंधनातून तिथल्या मुलींनी एक अस्सल कसब घडवलं, आणि बंधन गेलं तरी ते कसब जेन्सनने वाया जाऊ दिलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

जेन्सनचं माझ्यावरचं दुसरं ऋण तिच्या खुर्चीचं. 1990-91 मध्ये ड्रेक विद्यापीठाकडून खेळताना 29.6 च्या सरासरीने ती गुणांत देशात पहिली आली. त्याच वर्षी लिसा ब्लूडर तिथे प्रशिक्षक म्हणून आल्या होत्या. पुढे जेन्सन त्यांची सहायक झाली, आणि 2000 साली ब्लूडर आयोवाला आल्या तेव्हा जेन्सन आणि जेनी फिट्झजेराल्ड या दोघी सहायकही त्यांच्यासोबत आल्या. तीन दशकांहून अधिक काळ जेन्सन ब्लूडर यांच्या शेजारच्या खुर्चीवर होती. टाळ्या, मुलाखती, विजयाचे आकडे मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर जमा होतात. सहायकाने गावोगावच्या शाळांच्या जिमखान्यांत जाऊन मुली हेरायच्या, आईबापांशी बोलायचं, समोरच्या संघाचे सामने पुन्हा पुन्हा पाहायचे, आणि बाकावर बसवलेल्या मुलीचं मन राखायचं. वेस्ट डे मॉइनची केटलिन क्लार्क शाळेत असल्यापासून तिच्यावर लक्ष ठेवून तिला घराजवळच्याच विद्यापीठात आणण्यात जेन्सनचा मोठा वाटा होता. त्यानंतरचं सारं जगाने पाहिलं : 2023 च्या ऑक्टोबरात किनिक या फुटबॉलच्या मैदानात मुलींच्या सामन्याला 55,646 माणसं, आणि लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय अंतिम सामना.

ते दोन्ही अंतिम सामने मी नागपुरात मध्यरात्र उलटल्यावर मोबाइलवर पाहिले. दोन्ही आयोवा हरली. तोवर आम्ही परतलो होतो आणि मी एका महिला महाविद्यालयाच्या संघाची सहायक प्रशिक्षक झाले होते. इथे सहायक म्हणजे बॉलची पिशवी सांभाळणारी, असा सर्वसाधारण समज. नातेवाइकांत दर कार्याला एक प्रश्न ठरलेला : "मग तू मेन कधी होणार गं?" जेन्सनला इतकी वर्षं त्या खुर्चीवर पाहिलं नसतं, तर या प्रश्नाने मी पार खचले असते. मुख्य प्रशिक्षक असलेल्या सरांकडे मी पहिल्याच दिवशी मागणी केली की, उंच मुली माझ्याकडे द्या, रोज अर्धा तास, वेगळी रिंग. सरांनी दिल्या.

पहिला महिनाभर मी त्यांना ड्रिबल करूच दिला नाही. कळमेश्वरकडची एक मुलगी वैतागून म्हणाली, "ताई, ड्रिबल नाही करायचा तर मग मी करू तरी काय?" मी तिच्या पाठीशी उभी राहिले आणि जोर लावून तिला ढकलू लागले. "मला मागे ठेव. हात वर. आता बॉल माग." ती दोनदा सरकली. तिसऱ्यांदा तिने गुडघे वाकवले, डावा पाय माझ्या पावलापुढे रोवला, आणि मला हलता येईना. बॉल आला, तिने तो वरच झेलला, वळली, आणि बोर्डवरच्या चौकोनात टेकवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अजून एकदा."

2024 च्या मे महिन्यात ब्लूडर निवृत्त झाल्या आणि त्याच दिवशी जेन्सनला मुख्य प्रशिक्षक नेमलं गेलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, पहिल्यांदा पहिल्या खुर्चीवर, तीही क्लार्क निघून गेल्यावरच्या संघासह. लोक म्हणत होते, आता आयोवाचं काही खरं नाही. 2025 च्या 2 फेब्रुवारीला क्लार्कचा 22 नंबर सन्मानाने निवृत्त करण्यात आला. त्या दिवशी जेन्सनच्या मुलींनी देशात चौथ्या क्रमांकावर असलेल्या यूएससीला 76-69 असं हरवलं.

त्या सामन्याच्या चित्रफिती मी माझ्या मुलींना दाखवल्या. त्या क्लार्कला ओळखतात, तिचे फोटो त्यांच्या मोबाइलवर आहेत. मी त्यांना आधी गस्टफसनचे 2019 चे सामने बघायला लावते, मग सिनानोचे, आणि हे सगळं कोणाकडून आलं तेही नाव घेऊन सांगते. कळमेश्वरची ती मुलगी आता सुट्टीत गावी गेली की तिथल्या शाळेतल्या पोरींना हेच शिकवते. परवा ती विचारत होती, पोरींना जेन्सनचं नाव लिहून द्यायचंय, मराठीत कसं लिहू? मी लिहून दिलं.