धुळ्याहून अजिंठ्यास

गेल्या मार्गशीर्षात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. हे गृहस्थ धुळ्यास वकिली करतात. पत्राचा मथितार्थ असा की, बारावीनंतर वेशरचनेचेच शिक्षण घ्यावयाचे, असा हट्ट कन्येने धरला आहे. घराण्यात सुईदोऱ्याचा धंदा कोणी केलेला नाही. शिवाय ही विद्या मुंबई-पॅरिसची, तेथे धुळ्याच्या मुलीस कोण विचारतो? तरी गुरुजींनी येऊन चार शब्द सांगावे आणि तिचे मन वळवावे. खरे सांगावयाचे तर आम्हीही वकीलसाहेबांच्याच मताचे होतो, आणि त्याच मताने धुळ्यास गेलो.

मुलीने आमचा उपदेश निमूटपणे ऐकून घेतला व शेवटी इतकेच म्हटले, "आजोबा, एकदा माझ्याबरोबर अजिंठ्यास चला. नंतर तुम्ही सांगाल तसे करीन." सौदा आम्हांस स्वस्त वाटला. दुसरे दिवशी पहाटेच आम्ही तिघे जळगावच्या रस्त्यास लागलो.

पारोळे, एरंडोल ही गावे मागे पडत होती. दुतर्फा काळ्या जमिनीत कपाशी फुटलेली, आणि बाया ओटी बांधून वेचणीस लागलेल्या. खानदेशाने कापूस पिकविला आणि एके काळी तो येथेच कातला-विणलाही. जळगावची मूळजी जेठांची गिरणी एकोणिसाव्या शतकातली; अमळनेर व धुळे येथील गिरण्या प्रताप शेटजींच्या. या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. कापूस मात्र पिकतोच. तो गाठी बांधून बाहेर जातो आणि वस्त्र होऊन दुकानात परत येतो. मधल्या प्रवासात त्यावर जे बुद्धीचे काम होते, त्याचे मोल दुसरेच कोणी घेते. हा विचार तेव्हा मनात आला खरा. पण आम्ही तो बोलून दाखविला नाही.

वाटेत आम्ही मुलीस विचारले, "मुंबईबाहेरच्या कोणा मुलीने या विद्येत नाव काढले आहे काय?" ती तत्काळ उत्तरली, "भानू अथैया. कोल्हापूरच्या." वकीलसाहेब गप्प झाले. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या, आणि ते मिळविणाऱ्या पहिल्याच भारतीय, त्या याच बाई. माहेरचे आडनाव राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. त्यांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे ही मुलगी मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकली, आणि १९५६ च्या 'सी. आय. डी.'पासून चित्रपटांचे वेश रचू लागली. २०२० साली त्या निवर्तल्या. राजोपाध्यायांच्या घरातील कन्येने सुई हाती धरली म्हणून कोल्हापुरास काही उणेपणा आला नाही. मुलीने आणखी सांगितले की, १९६६ च्या 'आम्रपाली'तील वेश त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवरून रचले. तिचा हट्ट कोठून निघाला, हे आम्हांस तेव्हा उमगले.

जळगावहून नेरी, पहूर करीत फर्दापुरास पोहोचलो. वाघूर नदीच्या वळणावरील ही लेणी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली तीही २८ एप्रिललाच, सन १८१९ मध्ये. हा निव्वळ योगायोग. परंतु १८७२ पासून पुढे काही वर्षे जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून येथील चित्रांच्या नकला करविल्या, तो योगायोग नव्हे. भानूबाई ज्या शाळेत शिकल्या, तिचा या भिंतींशी असा जुना संबंध होता.

पहिल्या लेण्यात शिरलो. आम्ही पूर्वी दोनदा आलेलो. पद्मपाणीपुढे उभे राहिलो, की आमचे पाहणे संपत असे. मुलगी मात्र भलतीकडेच पाहत होती. महाजनक जातकातील नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र आहे, हे तिने दाखविले. वस्त्रांवरील पट्टे दाखवून म्हणाली, "हे नंतर छापलेले नसावेत. पटोळ्याप्रमाणे सूतच आधी बांधून रंगविले असावे." मग एका वस्त्राकडे बोट करून म्हणाली, "आजोबा, यावर हंसांच्या ओळी आहेत."

आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटुवेषधारी शंकर पार्वतीस विचारतो की, तुझ्या हंसचिन्हांकित दुकूलाची गाठ त्याच्या रक्त गळणाऱ्या गजचर्माशी कशी बांधावयाची? हा श्लोक आम्ही तीस वर्षे शिकविला. समास सोडविला, कोशातील अर्थ सांगितला, व्याकरणाची चूक कोणास माफ केली नाही. पण ते वस्त्र कसे दिसत असेल, हा प्रश्न आम्हांस एकदाही पडला नाही. ही चित्रे पाचव्या शतकातली. कालिदासही बहुतेक विद्वानांच्या मते त्याच सुमाराचा. जे आमच्या डोळ्यांसमोर दोनदा येऊनही दिसले नाही, ते सतरा वर्षांच्या मुलीने दाखविले. आणि ज्या दृष्टीने दाखविले, ती बुजविण्यासाठीच आम्हांस बोलाविले होते.

परत येताना पहुरास चहासाठी थांबलो. तेथे वकीलसाहेबांस आम्ही स्पष्ट सांगितले, "नामदेवांच्या अभंगांपुढे आपण हात जोडतो, आणि त्यांच्या कुळाच्या धंद्यास नाक मुरडतो, हे बरे नव्हे. ऑस्कर सर्वांस मिळत नाही. पण संस्कृत शिकणारे सगळे तरी कोठे भांडारकर होतात? मुलीस जाऊ द्या. तिला काही जमेल की नाही, हे तिच्या श्रमांवर आहे. तिने कोठे जन्म घेतला यावर नाही."

वकीलसाहेबांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पुढच्या आसनावर मुलगी वहीत काही रेखाटीत होती. उतरताना तिने ते पान फाडून आमच्या हाती दिले. त्यावर हंसांची एक ओळ होती. ते पान आता आमच्या कुमारसंभवात, पाचव्या सर्गाशी ठेविले आहे. वकीलसाहेबांच्या पत्राची वाट आम्ही अद्याप पाहत आहो.