सांता क्लाराच्या खोऱ्यांतील एक संध्याकाळ

अमेरिकेहून परत आलेल्या माणसास शेजारीपाजारी प्रथम विचारतात तें गोल्डन गेटच्या पुलाविषयीं. तो पूल आम्हीं पाहिला. तो तांबडा आहे आणि पुष्कळदां धुक्यांत असतो, याहून अधिक सांगण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नाहीं. त्या प्रवासांत आमच्या मनांत घर करून राहिली ती एक निराळीच जागा. मोटारी उभ्या करण्याचें अफाट पटांगण, पलीकडे ठेंगण्या इमारतींची ओळ, आणि तिच्यांतील एक उग्र वासाची खोली. वाचकांस आज तिकडेच घेऊन जावें असा विचार आहे.

आमचे चिरंजीव सॅन होजे शहरीं नोकरीस आहेत. हें शहर स्पॅनिश लोकांनीं १७७७ सालीं वसविलें. भोंवतालचें सांता क्लाराचें खोरें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्दाळू आणि प्रून यांच्या बागांसाठीं नांवाजलेलें होतें. आतां तेथें संगणकाच्या कंपन्या नांदतात, आणि जर्दाळूची एखादी बाग तेवढी स्मारकासारखी राखलेली दिसते. पूर्वेस माउंट हॅमिल्टनच्या माथ्यावर १८८८ सालापासूनची लिक वेधशाळा, पश्चिमेस सांताक्रूझचे डोंगर. पाऊस तेथें हिवाळ्यांत पडतो. त्यामुळें आपल्याकडे डोंगर हिरवेगार असतात त्या आषाढ-श्रावणांत तिकडचे डोंगर वाळून पिवळे पडलेले असतात. आम्हीं उभें आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकविलें, तरी डोळ्यांस ही उलटी रीत अंगवळणीं पडावयास महिना लागला.

आमच्या सूनबाई त्याच शास्त्राच्या डॉक्टर. तेथें त्या दोन कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळ जीवशास्त्र शिकवितात. घरांत या नोकरीची प्रतिष्ठा बेताचीच होती, आणि त्याचा दोष बराचसा आमच्याकडे येतो. कायमची जागा नाहीं, पगार तुटपुंजा, तेव्हां हा एक मनाचा विरंगुळा आहे असेंच आम्ही धरून चाललों होतों. त्यांतच त्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास औषधें तयार करणाऱ्या एका कंपनीनें तिला कायमच्या जागेवर बोलाविलें. उत्तर सोमवारपर्यंत द्यावयाचें होतें. चिरंजीवांचें मत अर्थातच अनुकूल, आमचेंही. सूनबाई कांहीं बोलेना. गुरुवारीं दुपारीं मात्र ती म्हणाली, “मामंजी, एकदां येऊन तर पाहा. मग काय तें सांगा.” वरिष्ठांची परवानगी तिनें आधींच काढून ठेवली होती.

साडेचारास निघालों. मोटारीच्या मागल्या कप्प्यांत आमची पिशवी ठेवूं लागलों तों आंत एक मानवी सांगाडा कमरेपर्यंतचा, प्लॅस्टिकचा. शिवाय रबरी हातमोज्यांचे खोके, तपासावयाच्या उत्तरपत्रिका, आणि डब्यांत पोहे. “हें माझें ऑफिस,” ती म्हणाली. कॉलेजांत तिला स्वतःचें टेबल नव्हतें. सोमवार-बुधवार एक कॉलेज, मंगळवार-गुरुवार दुसरें, आणि दोहोंमध्यें चाळीस मैलांचा रस्ता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें अर्धवेळ शिक्षकास एका जिल्ह्यांत पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम देतां येत नाहीं. म्हणून पोट भरण्यास दोन-दोन, तीन-तीन जिल्हे धरावे लागतात. अशा शिक्षकांस तिकडे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, म्हणजे हमरस्त्यावरून भिरभिरणारे. आमचे आजोबा पुण्यांत वार लावून जेवले आणि शिकले. येथें त्यांची पणतसून वार लावून शिकवीत होती.

या संस्थांचा इतिहास थोडक्यांत सांगतों. इलिनॉय राज्यांत जोलिएट गांवीं १९०१ सालीं शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर व तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या विचारानें सहा विद्यार्थ्यांवर असें पहिलें सरकारी कॉलेज उभें राहिलें. तेव्हां त्यांस ज्युनिअर कॉलेज म्हणत. ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव रूढ झालें तें अध्यक्ष ट्रुमन यांनीं नेमलेल्या मंडळाच्या १९४७ च्या अहवालानंतर. कॅलिफोर्नियांत १९१० सालीं फ्रेस्नो येथें आरंभ झाला, आणि १९६० च्या योजनेनें विद्यापीठांच्या खालीं ही तिसरी पायरी सर्वांस मोकळी ठेवली. आज त्या राज्यांत अशीं ११६ कॉलेजें आहेत. अठरा वर्षें पुरीं झालेल्या कोणासही तेथें दार उघडें असतें. फी राज्यांतील रहिवाशास २०१२ पासून युनिटास ४६ डॉलर, म्हणजे चार युनिटांच्या जीवशास्त्रास १८४. विद्यापीठाच्या मानानें ही फी किरकोळच. मात्र एवढ्या मोठ्या पसाऱ्यांत शिकविणारांपैकीं अर्ध्याहून अधिक लोक आमच्या सूनबाईंसारखे अर्धवेळ आहेत. तीन चतुर्थांश शिकवणी कायमच्या शिक्षकांकडून व्हावी असें ध्येय राज्यानें १९८८ सालीं कायद्यांत लिहून ठेवलें आहे. तें अद्याप ध्येयच आहे.

सहाच्या ठोक्यास वर्ग सुरू झाला. चोवीस विद्यार्थी. विद्यार्थी म्हणतांना आमची जीभ अडखळते, कारण त्यांत मिसरूड न फुटलेला पोरगा होता तसे साठीच्या घरांतले एक व्हिएतनामी गृहस्थही होते. एकजण मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांतून थेट आलेला. नखांतलें काळें तेल गेलें नव्हतें. बहुतेकांस नर्स व्हावयाचें होतें, आणि त्या शाळेंत शिरण्यापूर्वीं शरीरशास्त्र उत्तीर्ण व्हावें लागतें.

त्या दिवशीं मेंढराचें हृदय उघडावयाचें होतें. चौघांमागें एक, ताटलींत. आमच्या घरांत अंडेंही शिजत नाहीं. आम्हीं खुर्ची किंचित् मागें सरकविली. सूनबाईनें मात्र सुरी हातांत घेतली आणि भाजी चिरावी तितक्या सहजतेनें पहिला छेद दिला. मग प्रश्न केला, “डावी भिंत उजवीच्या तिप्पट जाड कां?” उत्तर तिनें दिलें नाहीं. खोलीभर शांतता. आम्ही असतों तर त्या क्षणीं उत्तर सांगून मोकळे झालों असतों. शेवटीं मागच्या टेबलावरील एक मेक्सिकन बाई हळूच म्हणाली, “उजवीकडून रक्त जवळच जातें, फुप्फुसांत. डावीला सगळ्या अंगाला पुरवायचें असतें.”

नंतर तिनें झडपेचे ते पांढरे दोरे बोटावर उचलून धरले आणि विचारलें, “ही झडप गळूं लागली तर ऐकूं येतें का?” सूनबाईनें गळ्यांतील स्टेथॉस्कोप काढून तिला दिला. बाईनें आधीं स्वतःच्या छातीवर लावला, मग शेजारणीच्या, मग त्या मोटारवाल्याच्या. पुष्कळ वेळ ऐकत राहिली. अकरा वर्षें ती एका रुग्णालयाच्या हृदयविभागांत फरशी पुसण्याच्या कामावर होती. पडद्यांवरच्या त्या रेघा रोज पाहत आलें, त्या काय बोलतात तें आज कळतें आहे, असें तिनें आम्हांस नंतर सांगितलें.

आमच्या एकतीस वर्षांच्या नोकरीस कधीं धक्का लागला नाहीं. त्या बिनघोरपणांत किती वर्ग आम्हीं पिवळ्या पडलेल्या टिपणांवर काढले, तें आमचें आम्हांस ठाऊक.

नऊ वाजतां वर्ग सुटला. त्यानंतर पाऊण तास ती ओसरींतल्या दिव्याखालीं उभी राहून शंका सोडवीत होती. त्या वेळाचे पैसे तिला मिळत नाहींत. परततांना रस्त्यांत पाऊस लागला, त्या हंगामांतला पहिलाच. तिनें आपण होऊन सांगितलें: मागल्या जानेवारींत एक वर्ग सुरू होण्यास चार दिवस असतां रद्द झाला, नांवें कमी पडलीं म्हणून, तयारी केली होती ती वायां गेली. वीस नांवें झालीं नाहींत तर वसंतांतल्या या वर्गाचेंही तेंच होणार. त्या मेक्सिकन बाईनें त्याच वर्गांत नांव घातलें होतें.

“कंपनीचें काय करावें, मामंजी?”

सकाळपर्यंत आमच्यापाशीं उत्तर तयार होतें. “पगार दुप्पट आहे ना?” एवढेंच आम्ही बोललों. ती म्हणाली, “अडीचपट.” मग बराच वेळ कांचेवरील पाऊस पुसण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

घरीं पोंचलों तेव्हां आमच्या मंडळी जाग्याच होत्या. मेंढराचें हृदय हाताळून आलेल्या सुनेस स्नानावांचून स्वयंपाकघरांत पाय ठेवूं देण्याची त्यांची तयारी नव्हती, आणि पाणी तापवून ठेवण्यासही त्या विसरल्या नव्हत्या. वरणभात झाल्यावर सूनबाईनें संगणक उघडला. आम्ही अंथरुणावर पडलों होतों. दाराआडून आमच्या मंडळींचा आवाज ऐकूं आला.

“किती झालीं ग आज?”

“सतरा, आई.”

“मग अजून तीन हवींत,” असें म्हणून त्यांनीं ओट्यावरचा दिवा मालवला.