एका बास्केटचे अंतर

आमच्या यवतमाळकडे वडीलधारी मंडळी अजूनही म्हणतात, 'पोरीचा खेळ लग्नापर्यंत!' पुण्याच्या शिरीन लिमयेची कारकीर्द वाचल्यापासून मला हे पटेनासे झाले आहे. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाच्या 'ब' विभागात भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरविले आणि 'अ' विभाग गाठला. त्या संघात शिरीन होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. विजय अवघ्या दोन गुणांचा, म्हणजे एका बास्केटचा! आमच्याकडच्या किती मुली एवढ्याशा अंतराने मागे राहिल्या असतील? अंगी कसब होते. दिवस मावळेपर्यंत मैदानावर थांबायला घरून होकार नव्हता. तो होकार यंदा मी बाबांकडे मागितला आहे. बाबा अजून काही बोललेले नाहीत.