बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

परवा रान वाफशावर आलं, हरभऱ्याचं बी भरलं आणि सेल्फ मारला तर नुसती टकटक. चौघांनी ढकलून ट्रॅक्टर चालू केला. दिवसभर बंद करायची हिंमत झाली नाही, जेवतानाही धडधडत ठेवला. डिझेल जळालं ते वेगळंच.

तीन वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा घाईनं नवी बॅटरी आणली होती. दोष निघाला डायनामोच्या ढिल्या पट्ट्याचा. चार्जिंगच होत नव्हतं, मग नवीही उतरली. त्यामुळं यंदा आधी तपासलं.

टर्मिनलवरची पांढरी बुरशी खायचा सोडा आणि गरम पाण्यानं पुसली. पट्टा ताणून पाहिला. इंजिन चालू ठेवून मीटर लावला, 14 व्होल्ट. म्हणजे डायनामो ठीक. मग बॅटरी रात्रभर चार्ज करून चार तास तशीच ठेवली. चांगली 12.6 च्या आसपास दाखवते, माझी 10.5. सहा खान्यांपैकी एक गेला, कारण एक खाना साधारण 2 व्होल्टचा. आता नवी घेणं भागच होतं. जुनी परत दिल्यावर दुकानदारानं किंमत कमी केली.

काढताना आधी मायनस सोडा, बसवताना मायनस शेवटी जोडा. पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंगला लावली की गॅस निघतो, विडी-काडी लांब ठेवा. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं नको.

थोडा सोडा आणि एक मीटर, एवढ्यानं हजारो रुपयांची चूक टळते. तुमची बॅटरी किती वर्षं टिकली, सांगा.