दळणातलं मीठ

‘साखर अजून झालेली नाही, पण तुम्ही त्या वाटेवर आहात,’ असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा घाबरायचं की सुटकेचा श्वास सोडायचा, हेच मला कळेना. माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.1 आली होती. 5.7 च्या खाली असली तर ठीक, 6.5 पासून पुढे मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात. रक्तदाबही काठावर. गोळी दिली नाही. ‘आहार सांभाळा, चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू,’ एवढंच सांगितलं.

‘सांभाळा’ म्हणजे नेमकं काय करायचं? बँकेतल्या सहकारी म्हणाल्या, दिवसातून दोनदाच जेवा. शेजारच्या काकूंनी मेथीदाण्याचं पाणी सांगितलं. धाकट्या दिराने माझ्या मोबाइलमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप टाकून दिलं आणि रोज दहा हजारांचा नेम घालून दिला. धुळ्याची वहिनी म्हणाली, ‘ताई, भात बंद, केळी बंद.’ आणि फोनवर माय तिच्या अहिराणीत म्हणाली, ‘बेटा, कसाले इतली फिकर करस?’ सगळे मायेनेच बोलत होते. पण उद्या सकाळी उठून पहिली गोष्ट कोणती करू, याचं उत्तर त्यात सापडत नव्हतं.

मग मी वाचायला लागले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक माझ्यासारखे त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आकडा धडकी भरवणारा होता. धीर दिला तो चेन्नईच्या एका अभ्यासाने. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या लोकांवर सुमारे तीन वर्षं लक्ष ठेवलं आणि 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात 100 पैकी 55 जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं यांचा नीट पाठपुरावा केलेल्या गटात 39 जणांना. म्हणजे सगळेच वाचले नाहीत, पण बरेच वाचले, आणि तेही आपल्याच देशातली, आपल्यासारखंच जेवणारी माणसं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

पुढची वाट आहारतज्ज्ञ बाईंनी दाखवली. त्यांनी आहाराचा छापील कागद दिलाच नाही. ‘घरात सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय होतं, ते वेळेसकट लिहून आणा,’ म्हणाल्या. मी लिहून नेलं. सकाळी दोन चहा, दोन-दोन चमचे साखरेचे. डब्यात पोळी-भाजी. संध्याकाळी शेव-मुरमुरे. रात्री साडेनऊला जेवण, आठवड्यातून दोनदा तरी शेवभाजी, आणि जेवण झालं की लगेच पाठ टेकायची. रविवारी जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला मायकडे. जाताना-येताना स्टँडवर तर्री घातलेले पोहे नाहीतर वडा. बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, ‘यातलं घरच्यांना न दुखवता काय हलवता येईल?’

पहिलं हललं ते रात्रीचं जेवण. साडेनऊचं आठ वाजता आणलं, कारण त्यानंतर चालायला वेळ मिळतो. जेवल्यावर रक्तात साखर चढू लागते, त्याच वेळी पायांचे स्नायू काम करत असले तर ती साखर ते वापरून टाकतात, म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटंही उपयोगाची, हे बाईंनी समजावलं. दहा हजारांचं ओझंही त्यांनीच उतरवलं. तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या, पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ते मला झेपणारं होतं.

पण खान्देशात चालायचं म्हणजे उन्हाला विचारूनच. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो. सकाळी साताठलाच रस्ता तापायला लागतो, आणि रात्री दहापर्यंत भिंती गरम असतात. मोबाइलवरचे व्यायामाचे धडे ‘सकाळी आठ वाजता’ म्हणतात, तेव्हा ते आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करत नाहीत. आम्ही हिवाळ्यात सकाळी मेहरूण तलावावर जातो. उन्हाळ्यात उजाडायच्या आत निघतो आणि रात्री घरच्या गच्चीवर फेऱ्या मारतो. धुळ्याला असले की पांझरा नदीच्या काठाने एकविरा देवीच्या दर्शनाला पायी जाते. माय बरोबर येते, तिच्या चालीने चालते, आणि दर्शनासाठी निघाल्यामुळे तिला तो व्यायाम वाटतच नाही.

रक्तदाब काठावर होता, म्हणून मीठही कमी करायचं होतं. ती गोष्ट मात्र मला नव्याने उमगली. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढं एका चहाच्या चमच्यात मावतं. मी ताटातलं वरचं मीठ बंद करून समाधानात होते. पण आमच्याकडे कळण्याची भाकरी होते. ज्वारीत उडीद आणि खडेमीठ घालूनच दळण गिरणीत जातं. म्हणजे भाकरीत मीठ, वरून ठेच्यात मीठ, शेवेत मीठ, पापडात मीठ. बाई म्हणाल्या, ‘कळणा सोडू नका. ज्वारीला उडदाची जोड मिळते, भाकरी पोटाला धरून राहते. फक्त दळणातलं मीठ कमी करा.’ हे माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. दळण सासूबाईंच्या ताब्यात. मी त्यांना रिपोर्ट दाखवला, आकड्यांचा अर्थ सांगितला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘पुढच्या दळणाला निम्मं घालू. नाही आवडलं तर ज्याने-त्याने ताटात बघावं.’ पहिले काही दिवस भाकरी अळणी लागली. नंतर कोणी तक्रार केली नाही. एका दळणात अख्ख्या घराचं मीठ उतरलं, आणि मला रोज मनाशी भांडावं लागलं नाही.

तेलाचंही तसंच. कढईत अंदाजाने धार सोडायची सवय होती. आता महिन्याचं तेल माणसं मोजून, माणशी अर्धा लिटरच्या हिशेबाने आणतो. शेवभाजी बंद केली नाही. महिन्यातून एकदाच करतो, शेव वाढताना घालतो, आणि तर्रीपेक्षा रश्श्यातला कांदा-खोबऱ्याचा वाटलेला मसाला जास्त ठेवतो. हिवाळ्यात भरिताशिवाय आमचं पान हलत नाही. तिथे भाजलेल्या वांग्याची चव मुळात धुराची असते, त्यामुळे फोडणीचं तेल निम्मं केलं तरी भरीत भरीतच राहतं.

आणि केळी? जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, दारावरून हातगाडी जाते, रावेरहून नातेवाईक आले की घड येतो. बाईंनी केळी बंद करायला लावली नाहीत. एक मध्यम केळ म्हणजे साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं; म्हणून जेवणावर नाही, फार पिकलेलं नाही, आणि एका वेळी एकच. ते मी आता दुपारी चारला मूठभर शेंगदाण्यांबरोबर खाते. संध्याकाळची शेव-मुरमुऱ्यांची भूक त्यानेच मागे पडली. धुळ्याच्या एसटीत पर्समध्ये फुटाणे असतात.

मला वाटायचं, एकवीस दिवस केलं की सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर काहींसाठी अंदाज 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. चहातली साखर कमी करायला मला फार वेळ लागला. रात्रीचं चालणं मात्र लवकर रुळलं, कारण नवरा आणि मुलगी बरोबर निघतात.

पुढच्या तपासणीत आकडा 5.9 आला. अजून मधल्याच पट्ट्यात आहे. लग्नसराईत पंगतीला बसल्यावर काय करायचं, हे मला अजून जमलेलं नाही. आग्रह करणाऱ्या मावशीला रिपोर्ट दाखवता येत नाही. पण एक गोष्ट पक्की कळली. बाहेरून आणलेला नियम मला एकटीला पाळावा लागतो. घराच्या दळणात, जेवणाच्या वेळेत, देवीच्या वाटेवर बसवलेला बदल सगळं घर पाळतं. म्हणून तुमच्या ओळखीत कोणाचा असा रिपोर्ट आला, तर त्याला काय बंद करायचं याची यादी देऊ नका. त्याच्या घरी रात्रीचं जेवण किती वाजता होतं, ते विचारा, आणि जेवण झालं की त्याच्याबरोबर चालायला निघा.