पाच किलो तूरडाळ आणि फ्रान्स

पॅरिसला जाऊन आयफेल टॉवरच्या आधी रेल्वे स्टेशन बघणारी फॅमिली जगात बहुधा एकच असेल. आमची.

त्याचं झालं असं, की सगळं प्लॅनिंग माझ्याकडे होतं. जून २०२५, अकरा दिवस, तीन शहरं आणि एक एक्सेल शीट. व्हिसाचे कागद, हॉटेलं, ट्रेनची तिकिटं, आईच्या गुडघ्यांना झेपेल एवढंच चालणं, सगळं रकान्यांत नीट बसवलेलं. फक्त लुव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, एवढी एकच गोष्ट या जर्नलिस्ट मुलीच्या रिसर्चमधून सुटली. आणि आमचा पहिला दिवस नेमका मंगळवार.

"मोनालिसालाही वीकली ऑफ असतो तर!" आई म्हणाली आणि बंद दारासमोरच्या कट्ट्यावर बसून तिने पर्समधून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या.

मग नदीपलीकडच्या ओर्से म्युझियमला गेलो. ते सोमवारी बंद असतं, मंगळवारी चालू. आत शिरल्यावर बाबा छताकडे बघत उभेच राहिले. बाबा रेल्वेत पस्तीस वर्षं सिग्नल खात्यात होते. "अगं, हे तर स्टेशन आहे!" बरोबर ओळखलं त्यांनी. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं हे स्टेशन. पुढे गाड्या लांब झाल्या, प्लॅटफॉर्म तोकडे पडले, १९३९ नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या थांबल्या आणि १९८६ मध्ये तिथे म्युझियम झालं. आम्ही दोघी व्हॅन गॉगच्या चित्रांपुढे, आणि बाबा त्या भल्यामोठ्या घड्याळापाशी. "ही माणसं स्टेशनसुद्धा पाडत नाहीत," हे वाक्य त्यांनी त्या दिवशी चारदा म्हटलं.

खरं सांगायचं तर मला पॅरिसमध्ये मजा येत नव्हती. माझ्याकडे एक सिक्रेट होतं.

माझा धाकटा भाऊ, घरातला बंड्या, दोन वर्षांपूर्वी लिऑनला मास्टर्स करायला गेला. सप्टेंबरमध्ये कोर्स संपणार, पोरगा परत येणार, हे आमच्या घरात पंचांगासारखं पक्कं होतं. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये 'बंड्याची खोली' नावाची खोली आहे. मे महिन्यात बाबांनी तिला रंग दिला, नवीन टेबल आणलं. आणि निघायच्या पंधरा दिवस आधी बंड्याचा मला फोन. "ताई, मला इथेच जॉब मिळालाय. परमनंट. मी हो म्हटलंय. तू काही बोलू नकोस, आले की मीच सांगतो."

म्हणजे आयफेल टॉवरवरून आई लेकासाठी व्हिडिओ करतेय, बाबा "बंड्या आला की गच्चीवर सोलर बसवू" म्हणतायत आणि मी आइस्क्रीम खातेय. पोटात गोळा.

पॅरिसमध्ये आम्ही तीन गोष्टी शिकलो. एक, कुठल्याही दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणायचं. ते न म्हणता थेट किंमत विचारली की समोरचा माणूस आपण त्याच्या पायावर पाय दिल्यासारखा बघतो. दोन, हॉटेलात पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नसते. 'कराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं. आईने हा शब्द एका झटक्यात पाठ केला. तीन, जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो रात्री पावणेदहाला. दिवेलागणीआधी कसं जेवायचं, हा आईचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

चौथ्या दिवशी लिऑनची टीजीव्ही. ती सुटते पॅरिसच्या 'गार द लिऑन' स्टेशनातून. टॅक्सीतून उतरल्यावर पाटी वाचून आई म्हणाली, "आलो पण?" आत गेल्यावर बाबांना धक्का. प्लॅटफॉर्म नंबर बोर्डावर लागतो गाडी सुटायच्या वीसेक मिनिटं आधी. तोवर शेकडो माणसं माना वर करून उभी. "याला काय अर्थ आहे? माणसाने आधी जाऊन उभं कुठे राहायचं?" पण गाडी सुटली आणि राग विरघळला. ही लाइन १९८१ मध्ये सुरू झाली. ताशी तीनशे किलोमीटर, लिऑन दोन तासांत. पाणी सांडलं नाही, कप हलला नाही. बाबा नाक काचेला लावून बसले होते. "बाहेर सिग्नलच नाहीत बघ. या स्पीडला ड्रायव्हरला ते वाचताच येणार नाहीत. सगळं त्याच्या केबिनमध्ये दिसतं." एवढं बोलणारे बाबा मी रिटायरमेंटनंतर पहिल्यांदाच पाहत होते.

स्टेशनवर बंड्या उभा होता. बारीक झालेला, दाढी वाढवलेली. आईने रडून घेतलं, बाबांनी बॅगा मोजल्या.

बंड्याने दोन दिवस आम्हाला लिऑन दाखवलं. ऱ्होन आणि सोन अशा दोन नद्या, फुर्व्हिएरच्या टेकडीवर जाणारी छोटी रेल्वे, जुन्या घरांच्या पोटातून जाणारे 'त्राबूल' नावाचे बोळ. ल्युमिएर बंधूंच्या घरातलं सिनेमाचं म्युझियमही पाहिलं. यांचाच सिनेमा ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला गेला होता. सगळं दाखवलं पोराने. सांगायचं ते मात्र सांगितलं नाही. मी डोळे वटारायची, तो मान फिरवायचा.

तिसऱ्या रात्री आई माझ्या शेजारी पडल्या पडल्या म्हणाली, "तो परत येत नाहीये ना?"

माझी बोबडी वळली. "तुला कोणी सांगितलं?"

"त्याच्या ओट्याखाली पाच किलो तूरडाळ आहे. एकटा जीव, आठवड्यातून तीनदा वरण. किलोभर डाळ दीड महिना जाते. सप्टेंबरला परत येणारा माणूस सात महिन्यांची डाळ भरत नाही गं."

"बाबांना?"

"पहिल्याच रात्री सांगितलं. ते म्हणाले, त्याला सांगू दे."

म्हणजे एकाच घरात चौघं जण एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते! हसावं की रडावं कळेना.

शेवटचा मुक्काम मार्सेय. बाबांच्या भाषेत मार्सेलिस. शाळेत असल्यापासून त्यांच्या डोक्यात हे गाव एका उडीसाठी बसलंय. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून इथेच समुद्रात उडी घेतली, किनारा गाठला आणि तरीही पकडले गेले. प्रकरण १९११ मध्ये हेगच्या लवादापुढे गेलं. बाबा जुन्या बंदरावर बराच वेळ नुसते पाण्याकडे बघत बसले.

संध्याकाळी सेंट चार्ल्स स्टेशनच्या पायऱ्यांवर आलो. एकशे चार पायऱ्या. आई मधेच बसली, मग आम्ही सगळेच बसलो. खाली सगळं शहर, लांब टेकडीवर चर्च. आणि बंड्याने अखेर तोंड उघडलं. खाली मान घालून, भराभर, पाठ केल्यासारखं.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "१९८५ साली मला मुंबईत नोकरी लागली. पाचोऱ्याहून निघालो तेव्हा तुझे आजोबा स्टेशनवर आले नाहीत. शेत कोण बघणार म्हणून रागावले होते. नंतर प्रत्येक सुट्टीला यायचे सोडायला, गाडीच्या तासभर आधी. पण त्या दिवशीचं राहिलं ते राहिलंच."

बस्स, एवढंच. 'हो' नाही, 'नाही' नाही. आई म्हणाली, "खोलीच्या रंगाला अठरा हजार गेले." बंड्या रडता रडता हसला.

दुसऱ्या दिवशी आमची पॅरिसची गाडी आधी होती, त्याची लिऑनची नंतर. या गाड्यांची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, हे बाबांना आता माहीत होतं. तरी ते शेवटपर्यंत दारात उभे. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

बाबा म्हणाले, "बंड्या, इथल्या रेल्वेत म्हाताऱ्यांना कन्सेशन असतं का रे?"

"बघून सांगतो, बाबा."

"सांग. पुढच्या मेपर्यंत सांग."