हौदातली नीलोफर

उर्दूच्या तासाला 'नीलोफर' शब्द आला की मुलं विचारतात, "म्हणजे कमळच ना?" मराठीच्या तासाला 'कुमुद' आलं की तोच प्रश्न. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे उत्तरही दोनदा द्यावं लागतं. कमळाचं पान दांड्यावर उभं राहून पाण्याच्या वर येतं आणि अखंड गोल असतं. नीलोफरचं पान पाण्यावर पडून तरंगतं आणि एका बाजूने देठापर्यंत चिरलेलं असतं. दोन्ही एकाच तळ्यात दिसतात, पण नात्याने लांबची. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कमळाला काश्मीरचा चिनार जास्त जवळचा! नीलोफर हा शब्द फारसी वाटतो, पण त्याचं मूळ संस्कृतातलं 'नीलोत्पल'. इथून तो इराणात गेला, अरबीतून थेट फ्रेंचपर्यंत पोहोचला आणि उर्दूच्या वाटेने आपल्याकडे परत आला.

आमच्या घरी नीलोफर आली ती अब्बांच्या इंतिकालनंतर. मार्चअखेरीस अब्बा गेले आणि अम्मी इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस. पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मग पाहुणे आपापल्या गावी गेले, आमच्या शाळा सुरू झाल्या आणि दुपारी अंगणात अम्मी एकट्या उरल्या.

त्या अंगणात अब्बांनी बांधलेला सिमेंटचा हौद आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल. काठोकाठ भरला तर सुमारे 1700 लिटर. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं तेव्हाचा तो. बोअर झाल्यापासून कोरडाच पडलेला. भाईजानचं म्हणणं होतं की बुजवून टाकू, गाडी लावायला जागा होईल. अम्मी काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी धाकटी बहीण रोपवाटिकेतून दोन कंद घेऊन आली. एक निळ्या फुलाचा, एक लाल.

लावणं फारसं अवघड नाही. नेहमीच्या कुंडीतलं खत-कोकोपीटचं हलकं मिश्रण इथे चालत नाही. ते तरंगून वर येतं आणि पाणी नासवतं. शेतातली काळी चिकण माती पसरट टबात भरली, कंदाचा कोंब उघडा ठेवला आणि वर बारीक खडीचा थर दिला. टब आधी विटांवर ठेवून कोंबावर जेमतेम वीतभर पाणी ठेवलं. पानं वाढत गेली तशा विटा काढल्या. कोंबावर फूट-दीड फूट पाणी पुरे होतं. नीलोफरला रोज पाच-सहा तास ऊन लागतं आणि पाणी संथ लागतं. कारंज्याचे शिंतोडे तिला आवडत नाहीत. महिन्यातून एकदा हाडांच्या खताची कागदी पुडी मातीत खोल खोचायची. खत पाण्यात सुटलं तर शेवाळ माजतं. पानांनी निम्मा हौद झाकला की सावलीने शेवाळ आपोआप कमी होतं. पिवळी पानं मात्र वेळच्या वेळी काढावी लागतात. ते काम अम्मींनी स्वतःकडे घेतलं.

जूनमध्ये फुलं आली. निळं फूल सकाळी चाश्तच्या सुमारास उघडायचं आणि दुपार कलली की मिटायचं. लाल जात रात्रीची. मगरिबनंतर उमलायची ती फजरलाही उघडीच असायची. अम्मी तहज्जुदला उठल्या की एकदा हौदाकडे बघायच्या. एक फूल तीन-चार दिवस उघडमिट करतं आणि मग पाण्याखाली जातं. नातवाने विचारलं, "दादी, फूल कुठे गेलं?" अम्मींनी त्याला हात घालून बघायला सांगितलं. देठ खाली वळला होता आणि त्याला फळ धरलं होतं. नीलोफरचं बी पाण्याखालीच पिकतं.

जुलैत मोहल्ल्यात डेंगूचे रुग्ण निघाले. शेजारची सून सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन दारात आली. ती भांडली नाही, पण स्पष्ट बोलली, "तुमच्या फुलांपायी माझ्या लेकराला ताप यायला नको." आमच्या घरात त्या रात्री दोन तट पडले. भाईजान म्हणाले, आता तरी बुजवा. बहीण रडवेली झाली. अम्मी एवढंच म्हणाल्या, "हमसायाचा हक फुलांच्या आधी. धोका असेल तर उद्याच पाणी सोडून द्या."

सकाळी आशाताईंना बोलावलं. डेंगूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्याला कोरडा दिवस पाळायला सांगतात. हौद दर आठवड्याला कोरडा करता येत नाही. पण त्यात गप्पी मासे असतील तर ते अळ्या खाऊन टाकतात. आशाताईंनी पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन उजेडात अळ्या कशा ओळखायच्या ते दाखवलं. त्याच दिवशी गप्पी मासे आणून सोडले.

अम्मींनी शेजारच्या सुनेला सांगितलं, "बेटी, आमच्या शब्दावर राहू नकोस. दर जुम्याला ये आणि वाटी घेऊन तूच बघ."

ती आली. पहिल्या जुम्याला उभ्या-उभ्या चार ठिकाणचं पाणी तपासून गेली. दुसऱ्या जुम्याला अम्मींनी बाळाला मांडीवर घेतलं. तिसऱ्या जुम्याला चहा झाला. तिच्या मागोमाग गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी 'हौद बघायला' येऊ लागल्या. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा अंगणात बोलण्याचा आवाज असायचा. साठलेल्या पाण्याकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी वाकून बघावं लागतं, नाहीतर ते बिघडतं. घरात बसलेल्या माणसाचंही तसंच असतं. इद्दत हा अल्लाहचा हुकूम आहे. त्या दिवसांत बाईला घरात राहायचं असतं. तिच्या घरी जायला आपल्याला कुणी मनाई केलेली नाही.

ऑगस्टमध्ये इद्दत पुरी झाली. भाईजान आता हौद बुजवण्याचं नाव काढत नाहीत. गप्पी माशांची पिल्लं ओळखीच्यांना वाटत असतात. अम्मींनी लाल नीलोफरचा कंद मोडून एक तुकडा शेजारी दिला. टब उन्हात ठेवायचा, त्यात चार गप्पी सोडायचे आणि जुम्याचं हौद बघायला येणं बंद करायचं नाही, या तीन अटींवर.